वर्गात भरलेली मंडई : पुण्यातील एका बालवर्गाच्या आठवड्याचे परीक्षण

पुण्याच्या पेठांमध्ये मराठी माध्यमाचे जे थोडे बालवर्ग अजून तग धरून आहेत, त्यांपैकी एका बालवर्गातील मोठ्या गटाच्या एका आठवड्याचे हे परीक्षण आहे. माझी मुलगी या गटात आहे. या शाळेत प्रत्येक पालकाला वर्षातून एक आठवडा ‘मदतनीस पालक’ म्हणून वर्गात बसता येते, त्यामुळे पुढे लिहिले आहे ते फाटकापाशी ऐकलेले नाही, सतरंजीवर बसून पाहिलेले आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्यांचा शिक्का गटाच्या दोन ताईंच्या मेहनतीवर बसू नये असे मला वाटते. आठवडा संक्रांतीच्या तोंडावरचा होता आणि त्याचा विषय होता ‘मंडई’.

बालवर्ग निवडताना आपण पालक फी विचारतो, रिक्षावाल्या काकांचा नंबर घेतो, सीसीटीव्ही आहे का ते पाहतो आणि पुढे पहिलीला कोणत्या शाळेत प्रवेश मिळतो याची चौकशी करतो. सकाळी साडेआठपासून बारापर्यंत मूल नेमके काय करते, हा प्रश्न मात्र ‘आज काय शिकवलं?’ एवढ्यावर आटोपतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असे येते. माझे मत आधीच सांगून टाकतो. या आठवड्यातील जे उपक्रम खऱ्या वस्तू, खरी मापे आणि भरपूर वेळ यांवर उभे होते, ते उत्तम होते. जे पालकांना दाखवण्यासाठी केले गेले, ते फिके पडले. दोन्ही प्रकारचे उपक्रम त्याच ताईंनी त्याच मुलांबरोबर केलेले असल्यामुळे हा फरक शिक्षकांच्या कुवतीतून आलेला नाही, आम्हा पालकांच्या मागणीतून आलेला आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. गटात २८ मुले, दोन ताई आणि एक मावशी आहेत. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणाबरोबर आलेल्या निकषांत ३ ते ६ या वयासाठी वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि तीस मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरचा वर्ग अपेक्षित आहे. यातला पहिला निकष शाळा सहज पूर्ण करते. दुसऱ्यात ती कमी पडते. इमारत जुनी आहे, खोली अरुंद आहे, बाके काढून टाकली आहेत म्हणून निभावते, आणि निम्मे उपक्रम व्हरांड्यात सांडतात. स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचे आणि स्वच्छ आहे, ही गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

सोमवारी प्रत्येक मुलाने घरून एक भाजी किंवा फळ आणायचे होते. कोणी काय आणायचे याची यादी दिलेली नव्हती, आणि त्यातच त्या दिवसाची सगळी मौज होती. गाजरे आणि बटाटे ढिगाने आले, एका मुलाच्या आजीने अख्खा सुरण पिशवीत घालून पाठवला, आणि कोणीतरी एकुलती एक लसणाची पाकळी कागदात गुंडाळून आणली. हे सारे सतरंजीवर ओतल्यावर ताई एवढेच म्हणाल्या, ‘‘यांची घरं लावा.’’ मुलांनी आधी रंगांप्रमाणे घरे लावली. मग हिरवी मिरची आणि लाल मिरची वेगळ्या घरात गेल्याबद्दल एका मुलीने हरकत घेतली. दोघी बहिणी आहेत, असे तिचे म्हणणे होते. त्यावरून वाद झाला, घरे मोडली आणि पुन्हा लागली. शेवटी ‘मातीखाली’ आणि ‘मातीवर’ अशी दोन घरे ठरली आणि मध्ये सुतळी आखली गेली. बटाटा, रताळे, बीट, मुळा, गाजर आणि सुरण खाली गेले. वांगी, टोमॅटो, मटार वर राहिले. कांद्यावर मात्र गाडे अडले. एकाने गावी कांद्याचे वावर पाहिले होते आणि कांद्याचे डोके मातीतून वर दिसते हे त्याला ठाऊक होते; इतरांना ते मान्य नव्हते. ताईंनी निकाल दिला नाही. कांदा सुतळीवरच ठेवण्यात आला आणि आठवडाभर तो तेथेच होता.

या एका उपक्रमाला पाऊण तासाच्या वर वेळ गेला. छापील पुस्तकात हाच पाठ ‘वेगळे चित्र ओळखा आणि गोल करा’ अशा स्वरूपात दोन मिनिटांत संपतो, आणि एकच वस्तू निकष बदलला की दुसऱ्या घरात जाते ही गोष्ट त्यात कधीच समोर येत नाही. गणिताची सुरुवात आकडे गिरवण्यापासून होते असे मानणाऱ्या पालकांनी ही सोमवारची सतरंजी एकदा पाहावी. त्यानंतर मटार सोलणे आणि मेथी निवडणे झाले. शेंग उघडण्यापूर्वी आत किती दाणे असतील ते सांगायचे, मग उघडून मोजायचे आणि फळ्यावर रेघा मारायच्या. सुरुवातीचे अंदाज ‘शंभर’ आणि ‘दोन’ असे टोकाचे होते. पाटीभर शेंगा संपत आल्या तेव्हा बहुतेक मुले पाच ते आठच्या आसपास बोलू लागली होती. शेंगेची शीर ओढायला अंगठा आणि तर्जनी यांची जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिलीला लागते. ताईंनी हे पालकांच्या सभेत सांगितले होते, पण ते कानाने ऐकणे आणि आपल्या मुलीची बोटे अर्धा तास त्याच कामात गुंतलेली पाहणे यांत फरक आहे.

मंगळवार हा माझ्या मते आठवड्यातील सर्वांत सरस दिवस होता. खिडकीच्या गजाला आडवी काठी बांधून तीवर दोन पारड्यांचा तराजू टांगला होता. वजने नव्हती. आधी नुसते ‘कोण जड?’ एवढाच खेळ होता. मोठे ते जड, हा मुलांचा ठाम सिद्धान्त. पालकाची भली मोठी जुडी एका पारड्यात आणि मुठीएवढे रताळे दुसऱ्यात ठेवल्यावर रताळ्याचे पारडे खाली गेले, तेव्हा दोन-तीन मुलांनी तराजू बिघडला आहे असेच जाहीर केले. त्यांनी पारडी बदलून पाहिली, जुडी आणि रताळे यांच्या जागा बदलल्या, तरीही तेच झाले. ताईंनी जुडी सोडून पाने एकेक करून त्यांच्या हातात दिली. ‘‘नुसतीच हवा आहे यात,’’ असे एक मुलगा म्हणाला आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. मग एका बटाट्यासाठी किती गोटे, एका गाजरासाठी किती, असे मोजमाप सुरू झाले. दोन गटांची उत्तरे जुळेनात, कारण गोटे लहान-मोठे होते. सगळ्यांचे गोटे सारखे असले पाहिजेत, ही मागणी मुलांकडूनच आली. प्रमाणित वजन कशासाठी लागते हे यापेक्षा सोप्या रीतीने कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर मापे आली. एका मुलाच्या पणजोबांच्या घरातली चिपटे, मापटे, शेर आणि पायली अशी धान्य मोजायच्या जुन्या मापांची उतरंड शाळेने मागवून घेतली होती. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि ही मापे हळूहळू व्यवहारातून गेली. आजच्या तरुण पालकांपैकी अनेकांनी ती हातात धरलेलीही नसतात. बालवर्गाला त्यांचे काय काम, असा प्रश्न मलाही पडला असता, पण त्या मापांत एक गुण आहे जो किलो आणि ग्रॅम यांत नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. दुप्पट होत जाणे डोळ्यांना दिसते आणि हातांना जाणवते. हजार ग्रॅमचा किलो पाच वर्षांच्या मुलाला विश्वासावर स्वीकारावा लागतो. शेर त्याला स्वतः भरून पाहता येतो. ताईंनी यातले काहीही सांगितले नाही. घमेल्यात ज्वारी ठेवली आणि मापे ठेवली, एवढेच.

खरी गंमत शिगेवरून, म्हणजे मापाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या धान्याच्या ढिगावरून झाली. एका मुलाने मापट्यावर चांगली उंच शीग लावली आणि दोन मापटी ओतल्यावर शेर भरून ज्वारी खाली सांडली. शेजारच्या मुलाने सपाट मापटी ओतली, तर त्याचा शेर बरोबर काठोकाठ भरला. पहिल्याने लबाडी केली, असा आरोप झाला. तो रडकुंडीला आला, कारण त्याच्या आजोळी धान्य शिगोशीगच मोजतात. ताईंनी विचारले, ‘‘मग आता आपल्या वर्गात कसं मोजायचं?’’ बरीच घासाघीस झाल्यावर एका मुलीने मापाच्या काठावरून तळवा फिरवला आणि शीग पुसून टाकली. तेव्हापासून वर्गात तळवा फिरवलेले मापच खरे धरले गेले, आणि शीग लावायची असेल तर आधी सांगून लावायची असाही नियम झाला. हे सारे चालू असताना फरशीभर ज्वारी झाली होती. मावशींनी केरसुणी हातात घेतली नाही. मुलांनाच वाट्या दिल्या आणि दाणे वेचायला लावले. वेचण्याला वीस मिनिटे लागली आणि ती वेळापत्रकात धरलेली असावीत, इतक्या निवांतपणे ते काम झाले.

या पद्धतीला आजकाल ‘अॅक्टिव्हिटी बेस्ड’ असे नाव देऊन मोठमोठे फलक लावले जातात, म्हणून थोडे जुन्याकडे वळतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले, आणि मूल हाताने शिकते हा विचार तेथून जगभर गेला. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी तो गुजराती आणि मराठी मुलांसाठी उभा केला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्याहून महत्त्वाचे पाऊल ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात टाकले, तेथे त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरींची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी गोटे, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंची साधने केली आणि मुले शाळेत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. या वर्गाच्या कोपऱ्यात माँटेसरींचा गुलाबी मनोरा आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे त्याचे दहा ठोकळे नीट रचलेले असतात. त्या आठवड्यात त्याला कोणी हात लावला नाही, आणि घमेलेभर ज्वारी समोर असताना तो लावला जाऊ नये हेच योग्य होते. ताईंना कोसबाडचा वारसा माहीत आहे की नाही हे मी विचारले नाही. त्यांच्या कामात तो दिसत होता.

बुधवारी प्रत्यक्ष मंडई. शाळेपासून महात्मा फुले मंडई चालत जाण्याजोगी आहे. मुलांनी लांब दोरीला हात धरले, पाच पालक दोन्ही बाजूंना, पुढे-मागे ताई, आणि प्रत्येक मुलाजवळ दहा रुपयांचे एक नाणे व काय घ्यायचे त्याचे चित्र काढलेली चिठ्ठी. १८८६ पासून उभी असलेली ही दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले भाजीचे ओटे मुलांनी मान वर करकरून पाहिले. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्यांचे नाव आज या मंडईला आहे, ते जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावरील खर्चाच्या विरोधात होते; तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा अशी त्यांची भूमिका होती. बालवर्गाची सहल त्याच इमारतीत शिकायला यावी, हे पाहून त्यांच्या मनात काय आले असते कोण जाणे.

मुलांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. मंगळवारचा तराजू त्यांच्या डोळ्यांत ताजा होता आणि ओट्यावरच्या बाईंकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता. एका मुलाने काट्याच्या चहूबाजूंनी पाहिले आणि विचारले, ‘‘दुसरं पारडं कुठाय?’’ बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आत लपवलंय, बाळा.’’ त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, माझेही झाले नसते. दहा रुपयांचे मटार मागणाऱ्याला ओंजळभर मिळाले, दहा रुपयांचे आले मागणाऱ्या मुलीला बोटभर तुकडा मिळाला, आणि ‘त्याला इतकं नि मला एवढंसंच का’ या प्रश्नावर भाव नावाची गोष्ट पहिल्यांदा चर्चेत आली. कढीपत्ता मागताच वर फुकट मिळतो, हा शोधही याच दिवशी लागला आणि मग सगळ्यांनीच तो मागितला.

या सहलीवर माझे दोन आक्षेप आहेत. एक, २८ मुलांना एकदम नेणे चूक होते. अरुंद वाटेत दोरी धरून उभ्या असलेल्या निम्म्या मुलांना पुढच्यांच्या पाठीखेरीज काही दिसत नव्हते. चौदा-चौदांचे दोन गट वेगवेगळ्या दिवशी नेले असते तर प्रत्येकाला विक्रेत्याशी बोलता आले असते. दुसरा असा की गाळेवाल्यांना आधी कल्पना दिलेली नव्हती. गिऱ्हाइकाच्या ऐन वेळी आम्ही तेथे पोहोचलो आणि काही जण साहजिकच वैतागले. परतताना मेट्रोच्या मंडई स्थानकाचा सरकता जिना दिसला आणि चार मुलांसाठी सहलीचा विषय तेथेच बदलला. हा दोष मात्र शाळेचा नाही.

गुरुवार भाषेचा होता आणि तो अर्धा चांगला, अर्धा कंटाळवाणा झाला. सकाळी कोऱ्या कागदावर मंडईचे चित्र काढायचे होते. गाजराची छापील बाह्यरेषा देऊन आत केशरी रंग भरायला लावण्याची जी पद्धत सर्वत्र दिसते, ती येथे नव्हती, त्यामुळे २८ चित्रे २८ प्रकारची आली. एकाच्या चित्रात केवळ माणसांचे पाय होते, कारण त्याला बहुधा तेवढेच दिसले होते. चित्र झाल्यावर मूल जे सांगेल ते एक वाक्य ताई त्याच्याच शब्दांत खाली लिहीत होत्या. ‘मावशीने मला आलं कमी दिलं पण कडीपत्ता जास्त दिला’ हे वाक्य ‘कडीपत्ता’सकट तसेच लिहिले गेले. आपण बोलतो ते कागदावर उमटते आणि पुन्हा वाचता येते, ही जाण अक्षरओळखीच्या आधी यायला हवी, आणि ती येथे येत होती. भेंडी, दोडका आणि कांदा आडवे कापून रंगात बुडवून ठसे उमटवले गेले. खरखरीत कागदाच्या अक्षरांपैकी ग, म आणि ब एवढीच तीन बाहेर काढली होती, गाजर, मटार आणि बटाट्यासाठी. डोळे मिटून बोट फिरवून ती ओळखायची होती.

मग सव्वाअकरा वाजता कपाटातून छापील सरावपुस्तिका निघाल्या. ठिपक्यांवरून ‘ग’ गिरवायचा होता, पानभर. दोन तास जी मुले एकमेकांशी अखंड बोलत होती ती गप्प झाली, आणि ते गप्प होणे एकाग्रतेचे नव्हते. एका डावखुऱ्या मुलीच्या तळव्याने प्रत्येक ओळ पुसली जात होती. २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी नेमलेली पाठ्यपुस्तके असू नयेत असे स्पष्ट म्हणतो. मी ताईंजवळ हा विषय काढला. त्यांचे उत्तर सरळ होते : पुस्तिका भरलेली दिसली नाही तर पालक महिन्याअखेर विचारायला येतात, आणि शेजारच्या शाळेत चौथ्या वर्षीच जोडाक्षरे लिहून घेतात असे ऐकवतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा टप्पा एकसंध मानला आणि पहिलीचे वय सहा ठेवले, तरी पाच वर्षांच्या मुलाची वही भरलेली पाहण्याची आमची घाई काही कमी झालेली नाही. शाळेने येथे पालकांपुढे मान तुकवली आहे. एवढे चांगले काम करणाऱ्या शाळेने तसे करू नये.

शुक्रवारी ‘आमची मंडई’ भरली, आणि माझी मुख्य तक्रार येथे आहे. पालकांना दहा वाजता बोलावले होते. त्याआधी साडेआठपासून मुले आपापली दुकाने मांडत होती, आणि तो दीड तास मला या आठवड्यातील सर्वांत जिवंत वाटला. एक जण कांदे मापट्याने विकत होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘शीग लावू की पुसू?’ असे विचारत होता. शीग लावली तर एक खडा जास्त, असा त्याचा भाव होता, कारण पैसे म्हणून खडे चालत होते. कागदाची नोट पुढे करणाऱ्या मैत्रिणीला एका मुलीने ‘सुट्टे द्या, सकाळची वेळ आहे’ असे मंडईतल्याच सुरात सुनावले. पुठ्ठ्यावर काळे चौकोन रंगवून एका दुकानदाराने आपला क्यूआर कोड तयार केला होता. गिऱ्हाइकाने त्यापुढे तळहात धरायचा आणि दुकानदाराने तोंडाने ‘टिंग’ असा आवाज काढायचा. आवाज आल्याशिवाय माल मिळत नव्हता. यातले काहीही कोणी शिकवलेले नव्हते.

दहा वाजता पालक आले आणि सारे थांबले. मुलांना नऊवारी, पटका, पदर असे पोशाख चढवण्यात आले. हे पोशाख भाड्याने आणायचा निरोप गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला होता आणि त्यासाठी घराघरांत धावपळ झाली होती. खऱ्या भाज्या मागे सरकवून नव्या प्लॅस्टिकच्या भाज्या समोर मांडल्या गेल्या, कारण त्या फोटोत छान दिसतात. प्रत्येक मुलाने पाठ केलेले एकेक वाक्य म्हणायचे होते, ‘ताजी ताजी गाजरे घ्या, डोळ्यांसाठी चांगली आहेत’ अशा घाटाचे. शिगेचा भाव ठरवणाऱ्या मुलाच्या वाट्याला ‘कांदा खा, निरोगी राहा’ आले होते. तो दोनदा अडखळला आणि तिसऱ्यांदा आईकडे पाहत उभा राहिला. दोघे रडले. पालकांनी समोर मोबाइल धरलेले होते आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत मुले दिसेनाशी झाली होती. या तासाभरात एकही खरेदी झाली नाही. संध्याकाळी गटावर आलेले फोटो पाहून जे पालक आत आले नव्हते त्यांनी भरभरून कौतुक केले, आणि सोमवारच्या कांद्याचा किंवा मंगळवारच्या मापट्याचा एकही फोटो त्यात नव्हता.

शनिवारी भोगीची भाजी झाली. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ही मिसळीची भाजी मुलांच्या घरी पुन्हा होणारच होती, पण हिच्यातला मटार त्यांनी सोललेला होता, हरभरा त्यांनी निवडला होता आणि गाजरे बोथट सुऱ्यांनी त्यांनीच चिरली होती, तुकडे कसेही झाले असले तरी. मावशींनी शेगडी मुलांपासून लांब, कठड्यापलीकडे ठेवली होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी पालकांपैकी दोघींनी आणली. घरी वांग्याला नाक मुरडणाऱ्या माझ्या मुलीने दोनदा वाढून घेतले. सुतळीवरचा कांदाही अखेर त्याच पातेल्यात गेला.

प्रगतीची नोंद कशी ठेवतात हे येथे सांगायला हवे. गुण किंवा तारे नाहीत. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुलामागे चार-पाच ओळी हाताने लिहून घरी येतात. आमच्या कागदावर होते : ‘वजन करण्याआधी अंदाज सांगते आणि चुकला तर हसते. पाळी येईपर्यंत थांबणे जड जाते. मंडईत गर्दीला घाबरली, दोरी सोडली नाही. डाव्या-उजव्याचा गोंधळ आहे, घाई नको.’ मला हे छापील प्रगतिपुस्तकाहून शंभरपट उपयोगी वाटते. ताईंचा वेळ यात किती जात असेल याची कल्पना करवत नाही, म्हणून पुस्तिका तपासण्यातून त्यांची सुटका व्हावी असे आणखी वाटते. गटात एक मूल घरी हिंदी बोलणारे आहे. त्याचा ‘आलू’ ताईंनी एकदाही दुरुस्त केला नाही. स्वतः मात्र ‘बटाटा’च म्हणत राहिल्या, आणि बुधवारी ओट्यापुढे त्याने ‘बटाटा द्या’ असे आपणहून म्हटले.

फी आसपासच्या इंग्रजी साखळी शाळांपेक्षा बरीच कमी आहे, पण पोशाख, स्नेहसंमेलन आणि सरावपुस्तिका यांचे पैसे वेगळे पडतात आणि प्रवेशाच्या वेळी ते कोणी सांगत नाही. तेव्हा आधी विचारून घ्यावे. पहिलीच्या आत मुलाने पानेच्या पाने लिहावीत अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांना येथे पुस्तिका असूनही समाधान मिळणार नाही. ज्यांना मूल मोजताना, भांडताना आणि ठरवताना पाहायचे आहे, त्यांनी अशा वर्गात सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस बसू देतात का ते विचारावे, आणि शुक्रवारच्या कार्यक्रमावरून शाळा निवडू नये.

मदतनीस पालकांना सकाळी आपला मोबाइल मावशींच्या कपाटात ठेवावा लागतो, असा या शाळेचा नियम आहे आणि तो चार दिवस कसोशीने पाळला गेला. शुक्रवारी येणाऱ्या पालकांनाही तोच नियम लावावा, त्यांना साडेआठ वाजताच बोलवावे आणि येताना पोशाखाऐवजी मूठभर सुटे खडे आणायला सांगावे, अशी लेखी विनंती मी शाळेकडे दिली आहे. पुढच्या महिन्यात ‘पाणी’ हा विषय आहे आणि शाळेचे उत्तर अजून यायचे आहे.